लकव्यानंतर रोबोटवर चालायचं ट्रेनिंग: पहिल्यांदाच जाणाऱ्या घरांसाठी

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. ३४ वर्षं धावत्या गाडीत, दांडा न धरता, एका हातात तिकिटं आणि दुसऱ्या हातात पंच घेऊन उभे राहिलेला माणूस. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या डाव्या हातातून वाटी निसटली आणि संध्याकाळपर्यंत डावी बाजू पूर्ण गेली. सातव्या आठवड्यात आम्ही त्यांना सांगलीहून पुण्याला एका रोबोटिक सेंटरमध्ये नेलं. मधले पाच आठवडे आम्ही काय केलं? मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, नातेवाइकांचे सल्ले ऐकले आणि चुकीच्या लोकांना चुकीचे प्रश्न विचारले. आईची तर समजूत होती की डोकं-हात-पाय असलेला रोबो येईल आणि अण्णांच्या बखोटीला धरून त्यांना फिरवेल. मशिन बघितल्यावर ती म्हणाली, "हा तर झोपाळा आहे."

तुमचे ते पाच आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. माझं काम स्टूल ओढून शेजारी बसायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच होतं.

१. आधी ठरवा: आपल्या माणसाला याची गरज आहे का?

सगळ्यांना नसते, आणि सेंटरवाले हे आपणहून सांगतीलच असं नाही.

कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आहे. २०२० च्या आवृत्तीत ६२ चाचण्या आणि २,४४० रुग्ण होते. निष्कर्ष साधा आहे. नेहमीच्या फिजिओथेरपीला अशा मशिनची जोड दिली, तर रुग्ण पुन्हा स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. सर्वांत जास्त फायदा दिसतो तो झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि ज्यांना अजून अजिबात चालता येत नाही अशांना. सहा मिनिटांत किती अंतर चाललं, यात मात्र ठोस फरक दिसलेला नाही.

याचा घरगुती अर्थ असा. तुमचा माणूस काठी घेऊन, कोणी शेजारी असताना अंगणापर्यंत जात असेल, तर मशिनचे पैसे वाचवा आणि चांगला न्यूरो-फिजिओ घरी बोलवा. तो दोघांच्या आधारानेही उभा राहत नसेल आणि झटक्याला तीन महिने झाले नसतील, तर मात्र वेळ घालवू नका.

फिजिओ चालण्याची पातळी ० ते ५ अशा मोजपट्टीवर मांडतात. तिला एफएसी म्हणतात. ० म्हणजे अजिबात चालता येत नाही किंवा दोन माणसं लागतात, ५ म्हणजे जिन्यासकट कुठेही एकटा. "आमचा पेशंट एफएसी किती आहे?" असं विचारा. अण्णा ० होते.

घाईचीही एक बाजू आहे. अगदी पहिल्या २४ तासांत जोर लावून पुन्हापुन्हा उभं करण्याने निकाल सुधारत नाही, उलट थोडा बिघडतो, हे २०१५ च्या 'अ‍ॅव्हर्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्यामुळे आयसीयूत असतानाच "रोबोट कधी?" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. मी लागलो होतो.

२. मशिन नावाने नाही, कामाने ओळखा

"आमच्याकडे रोबोटिक आहे" या वाक्यात निदान चार वेगवेगळ्या वस्तू बसतात.

पहिली म्हणजे ट्रेडमिलवरचा बाह्यसांगाडा. वरून पट्ट्यांनी माणसाला टांगतात आणि मांडी-पोटरीला बांधलेले यांत्रिक पाय नितंबाचा सांधा आणि गुडघा हलवतात. यातलं सगळ्यात ओळखीचं नाव लोकोमॅट. झ्युरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयातल्या कामातून ते जन्माला आलं. दुसरा प्रकार पावलं धरणारा. दोन पायपट्ट्या सायकलच्या पेडलसारख्या फिरतात आणि गुडघा मोकळा राहतो. बर्लिनच्या श्टेफान हेसे यांनी हा प्रकार पुढे आणला. यातल्या काही मशिनवर जिना चढण्याची नक्कलही होते. तिसरा प्रकार अंगावर घालून खऱ्या जमिनीवर चालायचा, त्यासाठी कमरेवरचं अंग थोडंफार सांभाळता यावं लागतं. चौथा प्रकार रोबोट नसतोच. छताच्या रुळाला टांगलेला पट्टा असतो, मोटर पायाला नाही तर दोरीला असते. तोही उपयोगी आहे, पण त्याला रोबोटचा दर देऊ नका.

मशिन पायाला हलवतं की फक्त वजन उचलतं, एवढं विचारलंत तरी निम्मा गोंधळ मिटेल.

३. डॉक्टरांची परवानगी

न्यूरॉलॉजिस्टकडून "फिट फॉर रिहॅब" एवढी ओळ आणून चालत नाही. या गोष्टी नावानिशी विचारून घ्या:

- बीपी आटोक्यात आहे का? उभं केल्यावर खाली येतं का?
- हृदय: टू-डी इको, ईसीजी. पेसमेकर असेल तर तो पहिल्याच वाक्यात सांगायचा.
- पोटरी सुजली आहे का? असेल तर आधी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. शिरेत गुठळी असताना पाय मशिनमध्ये बांधायचा नाही.
- हाडं ठिसूळ आहेत का? साठीपुढच्या बायकांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास राहून जातो.
- गुडघा, घोटा किंवा नितंबाचा सांधा आखडून कायमचा वाकडा झालाय का?
- झटक्यानंतर फिट आली होती का?
- पाठीवर, कुल्ल्यावर, टाचेवर जखम आहे का?

वजन आणि मांडीची लांबी यालाही मर्यादा असते. मोठ्यांच्या लोकोमॅटला साधारण १३५ किलोपर्यंतचं वजन आणि ३५ ते ४७ सेंटिमीटर मांडी चालते. उंच किंवा वजनदार माणूस असेल तर हे फोनवरच विचारा. आमच्यासमोर साताऱ्याहून आलेलं एक कुटुंब मोजमापातच परत गेलं. त्यांची अ‍ॅम्ब्युलन्स खाली उभी होती.

४. फाइल

एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या आणि प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा.

- डिस्चार्ज कार्ड
- सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट (फिल्म नाही नेली तरी चालेल)
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लाल पेनाने
- गेल्या दोन आठवड्यांची बीपी आणि साखरेची वही
- वरच्या तपासण्यांचे रिपोर्ट
- डॉक्टरांची चिठ्ठी: तारीख, निदान, कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे
- आधार आणि विम्याचे कागद

डॉक्टरांची चिठ्ठी डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. नंतर त्याच चिठ्ठीसाठी ओपीडीत अर्धा दिवस जातो.

५. पैसे आणि विमा

दर शहरागणिक आणि सेंटरगणिक बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. पण दर विचारताना हे विचारा: एका सेशनमधली मिनिटं किती, आणि त्यात बांधण्या-सोडण्याचा वेळ धरलाय का? पहिल्या आठवड्यात नुसतं बांधायला वीस मिनिटं लागतात. आम्हाला एका ठिकाणी "पाऊण तासाचं सेशन" विकलं गेलं, त्यात प्रत्यक्ष चालणं अठरा मिनिटं होतं.

पॅकेजचे पैसे एकदम भरू नका. आधी पाच-सहा सेशन करा. ताप आला, बीपी चढलं, माणूसच नको म्हणाला, तर परतावा मिळायला फार त्रास होतो. आमचे तीन सेशनचे पैसे तसेच गेले.

विम्यात एक सापळा आहे. नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना संरक्षण द्यायला सांगितलं, त्या यादीत 'रोबोटिक सर्जरी' आहे. एजंट तेच वाक्य दाखवून "रोबोटिक कव्हर आहे" म्हणतो. ती शस्त्रक्रिया झाली, आपली तर थेरपी आहे. आपली आशा दुसऱ्या कलमात असते, डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या. बऱ्याच पॉलिसींत ते ६० किंवा ९० दिवसांचं असतं आणि त्याच आजाराची, डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी त्यात मागता येते. कंपनीला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या. गंमत बघा, विम्याची मुदत आणि पायाची मुदत जवळपास एकदमच संपते.

ज्यांना खाजगी सेंटर झेपत नाही त्यांनी आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा फिजिओथेरपी विभाग बघावा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. मशिन नसलं तरी तिथे या शास्त्राचे डॉक्टर भेटतात, आणि माझ्या मते ते मशिनहून जास्त महत्त्वाचं आहे.

६. सेंटर बघायला जाल तेव्हा

रिसेप्शनच्या टीव्हीवरचा व्हिडिओ बघू नका. आत चालू असलेलं एखादं सेशन दुरून बघू द्या, अशी विनंती करा आणि फिजिओ कुठे आहे ते बघा. तो मशिनशेजारी उभा राहून "गुडघा उचला, टाच टेका" असं बोलतोय, की कोपऱ्यात मोबाईलवर आहे? आम्ही दोन सेंटरं बघितली. चकचकीत सेंटरमध्ये पेशंट लटकलेला होता, डोळे मिटलेले आणि पाय आपोआप चाललेले. आम्ही दुसरं घेतलं.

फिजिओची पदवी विचारायला लाजू नका. एमपीटीएच न्यूरो, म्हणजे मेंदू-नसांच्या फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी, असेल तर उत्तम. राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी आहे ना, हेही विचारा.

मशिनखेरीज दिवसाला जमिनीवरची थेरपी किती वेळ मिळणार? "मशिन म्हणजेच थेरपी" असं उत्तर आलं तर उठा.

७. पहिला दिवस

आईला वाटलं, मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे अण्णांना इस्त्रीचं धोतर नेसवावं. तसं करू नका. सुती, अंगाबरोबरची ट्रॅक पँट घाला, शिवण जाड नको, खिसे नकोत. बायकांना साडी किंवा परकरावर हा पट्टा बांधताच येत नाही. आपल्याकडच्या आज्या ट्रॅक पँटला तयार होत नाहीत, तर घरून निघायच्या आदल्या दिवशीच समजूत घाला, तिथे सगळ्यांसमोर नको. बूट लेसचे, टाच घट्ट धरणारे. चप्पल-सँडल नको. पावलासाठी एएफओ स्प्लिंट (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार) दिलं असेल तर तेही सोबत न्या.

खाणं तासा-दीड तासाआधी आणि हलकं असू द्या. पट्टा पोटावर आवळतो. लघवीला जाऊन यायचं. डायबेटिस असेल तर साखर बघूनच बांधू द्या.

पहिल्या दिवशी मांडी, पोटरी, कंबर मोजतात आणि मापं मशिनमध्ये साठवतात. हा वेळ वाया गेला असं समजू नका. मशिनचा गुडघा आणि माणसाचा गुडघा एका रेषेत नसेल तर प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. सेशन संपल्यावर जांघ, नडगी आणि काखेत स्वतः बघा. लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी सांगा, पट्ट्याखाली पॅड लावतात. लकव्याच्या बाजूला जाणीव कमी असते, त्यामुळे "टोचतंय" असं तो माणूस सांगेलच असं नाही.

लुळ्या हाताकडे लक्ष ठेवा. उचलताना, पट्टा चढवताना घाईत कोणीतरी त्या हाताला धरून ओढतंच. खांदा सैल झालेला असतो, तो निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. हात झोळीत किंवा आधारावर ठेवा, धरायचं ते कमरेला.

लाल बटण कुठे आहे तेही बघून ठेवा. घाम फुटला, चेहरा उतरला, तर लगेच बोला.

८. तीन आकडे, आणि ते रोज लिहायचे

बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका.

अशी मशिनं कशासाठी आहेत? पावलांच्या संख्येसाठी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी स्ट्रोकच्या पेशंटच्या फिजिओथेरपीत बसून मोजलं, तर चालण्याच्या एका सेशनमध्ये सरासरी ३५७ पावलं पडत होती. ज्याला उभंही राहता येत नाही त्याची त्याहूनही कमी, कारण दोन फिजिओंची कंबर दुखायला लागते. मशिनवर अर्ध्या तासात हजारच्या आसपास पावलं होतात. मेंदूला नवी वाट तयार करायला गिरवणं लागतं, पाटीवर अक्षर गिरवावं तसं.

पण दुसऱ्याने हात धरून गिरवलं तर अक्षर येतं का? इथेच मशिन फसवतं. ते दमत नाही, रागावत नाही. तुम्ही काही केलं नाही तरी पाय चालवत राहतं, आणि माणूस दोन दिवसांत हे ओळखतो. अण्णा तिसऱ्या दिवशी मशिनवर चक्क पेंगले.

म्हणून स्क्रीनवरचे हे तीन आकडे विचारायचे:

वजनाचा आधार. पट्ट्याने शरीराचं किती टक्के वजन उचललंय ते. सुरुवात बहुधा ३० ते ५० टक्क्यांनी होते. गुडघा मोडत नाही आणि बोटं घासत नाहीत, इतपतच आधार हवा. आठवड्या-दोन आठवड्यांत तो उतरायला लागला पाहिजे.

मशिनचा जोर, ज्याला तिथे गायडन्स फोर्स म्हणतात. १०० म्हणजे सगळं मशिन करतं. तो जसा कमी होतो तसं माणसाला स्वतः पाय टाकावा लागतो. लोकोमॅटवर दोन पायांचा जोर वेगवेगळा ठेवता येतो. चांगला पाय १०० वर ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

वेग. ताशी साधारण एक ते तीन किलोमीटर. घरच्यांना हाच आकडा वाढलेला आवडतो, आणि मशिनचा जोर १०० असेल तर तो सर्वांत खोटा आकडा आहे.

आमच्या फिजिओ मॅडमना मी दहाव्या सेशनला विचारलं, तेव्हा कळलं की जोर अजून १०० वरच होता. त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "कमी केला की अण्णा चिडतात." खरं होतं. जोर कमी झाला की पावलं वाकडी पडतात आणि माणसाला वाटतं आपण बिघडलो. ते बिघडणं नाही, तिथूनच स्वतःचं चालणं सुरू होतं. हे पेशंटला आधीच समजावून ठेवा.

मग मी अण्णांना एक जुनी वही दिली. उजवा हात चांगला होता. प्रत्येक सेशननंतर तारीख, मिनिटं, पावलं, आधार, जोर. त्यांनी वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरावं तशा रेघा मारून ते भरलं, खाली एकूण, शेवटी सही. त्या दिवसापासून पेंगणं बंद झालं. एकदा मशिनने ९४० पावलं दाखवली आणि यांच्या मोजणीत ९३६ आली, तर मॅडमशी हुज्जत घातली.

डावीकडचं भान गेलेलं असेल, म्हणजे ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाराची डावी चौकट लागते, तर फिजिओला मुद्दाम सांगा. स्क्रीन किंवा आरसा समोर आणि जरा डावीकडे घ्यायचा, बोलणाऱ्यानेही डावीकडे उभं राहायचं. उजवीकडे उभं राहून कौतुक केलंत तर मान उजवीकडेच वळते.

९. उरलेले तेवीस तास

मशिनवर अर्धा तास, आणि बाकी दिवस कॉटवर, असं केलं तर काही होत नाही. घरी खुर्चीतून उठ-बस, दिवसात ठरावीक वेळा. उभं राहून दोन्ही पायांवर वजन वाटणं. हे फिजिओकडून लिहून घ्या, तोंडी नको.

तेलमालीश करायचं तर हलक्या हाताने करा, बरं वाटतं. पण त्याने चालणं येत नाही. कबुतराचं रक्त, अमक्या गावची पुडी, हे सुचवणारे घरी येतीलच. त्यांना चहा द्या. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.

आणि रडू येतं. झटक्यानंतर बऱ्याच जणांना नैराश्य येतं. त्याला औषध आहे. "मनाने खंबीर व्हा" असं सांगत बसण्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

१०. मशिन कधी सोडायचं

दर दोन आठवड्यांनी मशिनबाहेरची परीक्षा मागा: दहा मीटर चालायला किती सेकंद, तोल मोजणाऱ्या बर्ग स्केलवर ५६ पैकी किती, एफएसी किती. स्क्रीनवरचे किलोमीटर ही परीक्षा नाही. सेकंदाला ०.४ मीटरच्या आत वेग असेल तर चालणं घरापुरतं आणि ०.८ च्या पुढे गेलं तर बाजारहाट, असा ढोबळ हिशेब फिजिओ करतात. चार आठवडे झाले आणि यातलं काहीच हललं नसेल, तर पुढचं पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. एका माणसाच्या आधाराने जमिनीवर पावलं टाकता यायला लागली की मशिन कमी करून जमीन वाढवायची. अण्णांचं एकोणिसाव्या सेशनला तसं झालं.

कारण मशिनच्या पट्ट्याला उंबरा नसतो. ओली फरशी नसते, मधेच आडवं येणारं मांजर नसतं. आमच्या घरात तीन उंबरे आहेत, त्यांची उंची मोजून फिजिओ मॅडमना दिली आणि त्यांनी तेवढ्याच उंचीचे ठोकळे लावून सराव घेतला. तुम्हीही घराची मापं न्या: उंबरा, संडासची पायरी, जिन्याची पायरी, कठडा कोणत्या हाताला येतो.

जिन्याचा नियम सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. काठी चांगल्या हातात.

अण्णांना एसटीत चढायचं होतं. पहिली पायरी फार उंच असते, म्हणून घाई केली नाही. घरी एकावर एक विटा रचून रोज सराव केला, आणि पहिल्यांदा गेलो ते दुपारी, डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत. तुमच्याकडेही कोणाला बस पकडायची असेल तर तसंच करा, आणि दाराचा दांडा कोणत्या हाताला येतो ते आदल्या दिवशी जाऊन बघून या.